घाटमाथ्यावरच्या जंगलात तंबूचा मुक्काम: किनाऱ्यावरून वर जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः मालवण, वेंगुर्ला, कुडाळ, कणकवलीकडून आंबोली-चौकूळ, दाजीपूर, रांगणा या पट्ट्यात मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी आहेत. खेड-चिपळूणच्या मंडळींनाही बरंचसं लागू पडेल.

आम्ही कोकणातलेच. रान, पाऊस, साप सगळं घरचंच. मग वेगळी तयारी कशाला?

कारण आपल्या ओळखीचं रान म्हणजे बहुतेक वेळा काजूची बाग असते आणि हाकेच्या अंतरावर कुणाचं तरी घर असतं. घाटमाथ्यावर तसं नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे आणि सावंतवाडीतून गाडीने तासाभरात पोचता येतं. तासाभराचाच रस्ता म्हणून लोक हाफ पँट, एक चादर आणि चिवड्याची पिशवी घेऊन निघतात. वर हवा वेगळी, वारा वेगळा, अंधार वेगळा. पुण्या-मुंबईचा माणूस निदान घाबरून चार वस्तू जास्त घेतो. किनाऱ्यावरचा माणूस घाटमाथ्याला आपलं परसू समजतो आणि रात्री दोन वाजता गाडीत जाऊन हीटर लावून बसतो.

जागा मोकळी दिसली की तंबू टाकायचा, असं चालतं का?

नाही. जमीन मोकळी दिसली तरी ती कुणाची तरी असतेच. राखीव वन असेल तर वनखात्याची परवानगी लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे विनापरवाना आत शिरणं हाच गुन्हा ठरतो, तंबू तर पुढची गोष्ट. या पट्ट्यात संरक्षित क्षेत्रं बरीच आहेत. दाजीपूरचं जंगल राधानगरी अभयारण्यात येतं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिलारी आणि आंबोली-दोडामार्ग ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत.

खाजगी जमिनीचंही दिसतं तितकं सोपं नाही. आंबोली, चौकूळ आणि गेळे या गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाने सामाईक धरलेल्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतोय. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, उभं राहून ही जमीन कुणाची, हे बाहेरच्याला कळणं शक्य नाही. त्यामुळे सरळ तीनपैकी एक रस्ता धरा: वनखात्याच्या पर्यटन केंद्राची राहण्याची सोय, गावातल्या एखाद्या घराचं अंगण किंवा बाग, नाहीतर नोंदणी असलेली कॅम्पिंगची जागा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पैसे भरण्याआधी नोंदणीचं विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला की काय समजायचं ते समजा.

माझी पसंती गावातल्या अंगणाला. रात्री काही झालं तर दार ठोठावायला माणूस असतो, आणि सकाळी घावण्यांचा वास येतो तो वेगळाच.

किल्ल्यावर मुक्काम?

किल्ल्यागणिक वेगळं. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, तिथे मुक्कामाला बंदी आहे. खेडच्या बाजूने चोरवण्यातून नागेश्वरला चढून वासोट्याला जाणारे बरेच आहेत, त्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. वाट आपल्या बाजूची असली म्हणून वरचं जंगल आपलं होत नाही. रांगण्याला कुडाळ तालुक्यातल्या नारूरमधून चढता येतं आणि वर रांगणाईचं देऊळ आहे. खेड तालुक्यातले रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे त्रिकूट अजून गर्दीपासून बरंच दूर आहे. रसाळगडावर झोलाईचं देऊळ आहे, महिपतगडावर पारेश्वराचं. देवळात पथारी टाकायची तर आधी खालच्या गावात विचारा, देवाला नारळ ठेवा, गाभाऱ्याच्या जवळ चूल पेटवू नका, आणि चपला कुठे काढायच्या हे कुणी सांगायची वेळ येऊ देऊ नका.

देवराईत सावली छान असते. तिथे टाकला तर?

नको. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवधर्माच्या रीतीत, देवराईचे नियम असतात, ते गावागणिक बदलतात आणि पाहुण्याला माहीत नसतात. जागा राखणाऱ्या देवावर, राखणदारावर, तुमचा विश्वास असो वा नसो, ज्यांचा आहे त्यांच्या अंगणात तुम्ही उभे आहात.

कोणते महिने बरे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध. ओढ्यांना अजून पाणी असतं, आकाश स्वच्छ असतं, रस्ते सुकलेले असतात. तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या आसपासचे दिवस गाठा. १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो आणि त्याला दुर्बीण लागत नाही, फक्त जाड पांघरूण लागतं.

ऑक्टोबर फसवा. सड्यावर फुलं असतात, मन ओढतं, पण परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमचा तंबू असतो. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये ठेवा, मात्र रेंज नसेल तिथे त्याचा उपयोग नाही. गडगडाट कानावर आला की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा गाडीत जायचं. एकटं झाड शोधायचं नाही.

मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळलेलं, वणव्याची भीती, पाणी आटलेलं. मे अखेरीस ढग भरून येतात तेव्हा काजवे दिसतात. त्यासाठी जायचं तर गावात राहा आणि टॉर्च बंद ठेवून बघा. काजव्यांच्या झाडाखाली तंबू ठोकून फ्लॅश मारणाऱ्यांविषयी लिहायला बसलो तर वेगळं पान लागेल.

आणि भर पावसात?

पाऊस पाहायला जरूर जा, तंबू घरी ठेवा. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. हवामान खात्याच्या भाषेत रेड अलर्ट म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता, आणि जुलैत घाटमाथ्याला असे दिवस नवलाईचे नसतात. बाजारात ३००० मिलिमीटर वॉटरप्रूफ असं लिहिलेले तंबू मिळतात. तो आकडा कापड पाण्याचा किती दाब सोसतं याचा आहे, आंबोलीच्या पावसाशी त्याची बरोबरी लावू नका. बाजूने येणारी झड, जमिनीखालून झिरपणारं पाणी आणि तीन दिवस न सुकणारे कपडे, याला कापड काय करणार?

ओलं होणं हा तरी त्रासच. खरा धोका उताराचा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांना अंदाज आला नाही, तो एका रात्रीच्या पाहुण्याला काय येणार. पावसाळ्यात पक्क्या छताखाली राहा, घाटरस्ता उघडा आहे का हे निघण्याआधी विचारून घ्या.

थंडी खरंच वाजते का? की उगाच?

वाजते. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. या हिशेबाने मालवण आणि आंबोली यांत चारेक अंशांचाच फरक यायला हवा, पण रात्री तो जास्त पडतो. किनाऱ्याला समुद्र रात्रभर ऊब देत असतो. वर स्वच्छ आकाशाखाली जमीन भराभर निवते आणि गार, जड हवा खोलगट जागेत येऊन साचते. म्हणून एकाच माळावर ओढ्याकाठी दात वाजतात आणि वीस पावलं वर चढलं की बरं वाटतं. डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरलेल्या रात्री मिळतात. काश्मीरवाल्याला हसू येईल, पण वेंगुर्ल्याच्या माणसाला १२ अंश आणि वारा पुरेसा आहे.

पांघरण्यापेक्षा अंथरणं महत्त्वाचं. गारठा खालून येतो. फोमची चटई असेल तर साधी स्लीपिंग बॅग पुरते. चटई नसेल तर भारी बॅगेचाही उपयोग नाही, कारण अंगाखाली तिची जाडी दबून जाते. घरातली घोंगडी असेल तर ती खाली घाला. कानटोपी, मोजे, आणि झोपताना घालायचा एक संपूर्ण कोरडा जोड पिशवीत वेगळा बांधून ठेवा. दिवसभर घामाने भिजलेला टीशर्ट घालून झोपलात तर बाकी कशाचाच इलाज चालत नाही.

तंबू कसला घ्यावा आणि नेमका कुठे टाकावा?

स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा, घुमटाच्या आकाराचा. कारण सडा. आपल्याकडचा सडा म्हणजे जांभा कातळ, त्यावर बोटभर माती. खुंट्या आत जातच नाहीत, वाकतात. खुंट्यांवर ताणून उभा करायचा तंबू तिथे निरुपयोगी ठरतो. दोऱ्या बांधायला दगड लागतात, पण दगड उचलताना आधी काठीने सरकवा. त्याखाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. सकाळी उठून तो दगड होता तिथे परत ठेवा, त्याखालीही कुणाचं तरी घर असतं.

सड्यावर कुठेही टाकायचा नाही हेही आलंच. २००९ साली शास्त्रीय नोंद झालेला ‘आंबोली टोड’ हा छोटा भेक सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. पावसाळ्यात ते डबकं म्हणजे बोटभर पाणी दिसतं, त्यात पाय पडला की एक अख्खी पिढी गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात तीच जागा फुलांनी भरते. आधीच तुडवलेली, गवत उडालेली जागा निवडा.

कड्यापासून लांब. फोटोत कड्यावरचा तंबू देखणा दिसतो. कावळेसादला पावसाळ्यात खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, ते बघायलाच लोक जातात. पाण्याला उलटं फेकणारा वारा तंबूचं काय करेल? शिवाय अर्धवट झोपेत लघवीला उठलेला माणूस कुठल्या दिशेला चालतो, हे त्यालाही ठाऊक नसतं. कड्यापासून निदान शंभर पावलं सोडा.

थंडीत रात्रीचा वारा बहुतकरून पूर्वेकडून येतो, मतलईच. तंबूचं तोंड पश्चिमेला ठेवलं तर बरं. वर मान करून बघा: वाळकी फांदी नको, आग्या मोहोळ नको. खाली बघा: वारूळ नको, ताज्या शेणाचे पो नकोत, जनावरांची मळलेली वाट नको. गव्याचं शेण गाई-म्हशीसारखंच दिसतं. गावापासून लांब असं शेण दिसलं तर ते गव्याचंच धरून चाला आणि जागा बदला.

सकाळी तंबू आतून ओला. नवीन होता तरी गळतोय?

गळत नाही, तो तुमचाच श्वास आहे. दोन माणसांच्या उच्छ्वासातली वाफ गार कापडावर जमते. वरच्या झडपा उघड्या ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका. थोडा गारठा सोसला तर कोरडं राहता येतं.

शेकोटी हवीच. त्याशिवाय मजा काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथे वाईटपणा घ्यायला माझी हरकत नाही. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव कायद्याखाली. ‘वाळकी लाकडंच तर घेतो’ हेही चालत नाही. पडलेलं लाकूड कुजतं तेव्हा त्यावर अळंबी उगवते, त्यात किडे राहतात, बेडूक राहतात, आणि गावातल्या बायकांना चुलीसाठी लागणारी काटकीही तीच. तुमच्या एका रात्रीच्या मौजेत कुणाची तरी आठवड्याची मोळी जळते.

फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत सडा आणि कुरण म्हणजे काडेपेटीच. एक ठिणगी वाऱ्यावर गेली की वणवा, आणि मग विझवायला गावकरी आणि वनमजूर हिरव्या फांद्या घेऊन धावणार. ज्यांनी पेटवला ते तोवर घाट उतरून गेलेले असतात.

कॅम्पच्या जागेत किंवा अंगणात बांधीव चूल असेल आणि मालक म्हणाला तर पेटवा. त्याच्याकडूनच लाकूड विकत घ्या. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेवर हात धरून बघा. हात धरवत नसेल तर ती विझलेली नाही.

एक गोष्ट अगदी निक्षून: थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा पेटता स्टोव्ह तंबूत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

मग स्वयंपाक कशावर? आणि काय?

छोट्या गॅसच्या शेगडीवर, तंबूबाहेर, वारा अडेल अशा आडोशाला. गॅसचं नळकांडं रेल्वेतून नेता येत नाही, तसला ज्वालाग्राही माल घेऊन प्रवास करणं गुन्हा आहे. एसटीतही तो प्रयत्न करू नका. स्वतःची गाडी नसेल तर जेवण गावात सांगा, सगळा प्रश्नच मिटतो.

आपल्या घरातलं सामान कॅम्पिंगच्या दुकानातल्या पाकिटांपेक्षा सरस आहे. कुळथाचं पीठ हे तर यासाठीच जन्माला आलंय: पाणी, मीठ, तिखट, लसूण, दोन आमसुलं, दहा मिनिटांत पिठी तयार आणि अंगात ऊब. सकाळी उकड्या तांदळाची पेज. शेंगदाण्याची चटणी, तांदळाची भाकरी घरून. ७०० मीटरवर पाणी ९८ अंशांच्या आतच उकळतं, म्हणून तूरडाळ उघड्या टोपात शिजवायला बसलात तर गॅस संपेल. कुकर न्या, नाहीतर मूगडाळ न्या.

सुकट, जवळा, बांगड्याचं सुकं मात्र घरी ठेवा. ऐकून वाईट वाटेल. पण तो वास रात्रभर रानात पसरतो. उंदीर, मुंग्या, मुंगूस, कोल्हा सगळ्यांना आमंत्रण जातं, आणि उंदराच्या मागोमाग साप येतो. भाजायचाच असेल तर गावातल्या घरात, जेवणाच्या वेळी. उरलेलं अन्न आणि मसाल्याचा डबाही तंबूत ठेवू नका, गाडीत ठेवा.

ओढ्याचं पाणी चालेल?

उकळून. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. वरच्या अंगाला गुरं चरत नसतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. साबण, भांडी, अंघोळ ओढ्यात करायची नाही, बादलीने पाणी बाजूला घ्या. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमापाशी फक्त तिथलाच म्हणून ओळखला गेलेला एक छोटा मासा आहे, शास्त्रीय नाव ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्या पाण्यात शाम्पूची पुडी सोडायला मन धजावतं तरी कसं?

सकाळच्या विधीचं काय?

संडास असलेली जागाच घ्या. नाइलाज झाला तर पाण्यापासून साठेक मीटर लांब, वीतभर खड्डा करून माती लोटायची. अडचण अशी की सड्यावर वीतभर माती नसते. कडेच्या झाडीत मऊ जमीन शोधावी लागते आणि ती उजेड असतानाच शोधून ठेवावी. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, डायपर पुरायचे नाहीत, पिशवीत बांधून परत आणायचे.

बिबट्या आला तर?

बहुधा येऊन जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. काळजी करायची तर गव्याची करा. एकटा नर गवा, संध्याकाळच्या धूसर उजेडात, दहा-पंधरा पावलांवर: याहून वाईट गाठ घाटमाथ्यावर नाही. तो हलत नाही म्हणून लोक मोबाईल काढून पुढे सरकतात. मागे फिरा, पाठ न दाखवता, हळू. वाट सोडा. घाटात आणि आंबोलीच्या रस्त्यांवर रात्री गाडी सावकाश चालवा, काळं जनावर काळ्या रस्त्यावर दिसत नाही.

बिबट्यासाठी एवढंच: लहान मुलं अंधारात एकटी नकोत, कुत्रा सोबत नेऊ नका, आणि अंधारात वाकून बसणं टाळा. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे. तिलारीच्या बाजूला जायचं तर कळप कुठे आहे हे गावात विचारल्याशिवाय मुक्काम ठरवू नका. आणि त्या बाजूला तंबूत केळी, फणस अजिबात नको.

साप चावला तर काय करायचं? काय करायचं नाही?

आधी न चावण्याची व्यवस्था: तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि दुखत नाही. सकाळी पोटात कळ, पापण्या जड, बोलणं अडखळतं. डास चावला असेल म्हणून लोक सोडून देतात. चेन लावलेला तंबू हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

चावलाच तर अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय फळकुट लावून हलणार नाही असा बांधा, आवळून नव्हे. रोग्याला चालवू नका. कापणं, चोखणं, दोरी आवळणं, मिरची खायला देऊन बघणं, आधी मांत्रिकाकडे नेणं, यातलं काहीही नको. सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. झाडांवर दिसणाऱ्या चापड्यांवर ते लागू पडत नाही. त्यांचा दंश दुखतो, सुजतो, क्वचितच जिवावर बेततो, तरी दवाखाना चुकवायचा नाही.

विंचवाचं सांगायला हवं. कोकणातला लाल विंचू हसण्यावारी न्यायचा नाही, लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. घाम फुटणं, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की धावत दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला, तेव्हापासून यातून माणसं वाचतात. पण वेळेत पोचलेली.

गोचीड आणि जळवा?

जळू म्हणजे किळस, धोका नव्हे. मोजे पँटवर ओढा, चिकटली तर नखाने बाजूने सरकवून काढा.

गोचीड मात्र गंभीर. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाच्या विषाणूचा शोध १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात लागला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांदा भागात, त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे, पर्यटकांना नाही. धोका थंडीपासून पावसापर्यंत, म्हणजे नेमका कॅम्पिंगच्या हंगामात. पालापाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्या घाला, डीट हे किडे दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम लावा, रात्री अंग तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी, तंबाखू नको. आसपास माकड मरून पडलेलं दिसलं तर हात न लावता तिथून निघा आणि आरोग्य केंद्राला कळवा. परत आल्यावर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आणि अंगदुखी आली, तर डॉक्टरांना ‘जंगलात राहिलो होतो’ हे स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

आग्या मोहोळ, खाजकुयली वगैरे?

मोहोळाखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. उठलंच तर पळा, हात हलवत उभे राहू नका. खाजकुयलीच्या शेंगा थंडीत वाळतात आणि लव उडते. लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा.

मुलांना, आईबाबांना न्यावं का?

जरूर. पहिली रात्र अंगणातल्या तंबूत, म्हणजे कुणाला झोप नाही आली तर घरात जाता येईल. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्ची न्या. तंबूत वाकून शिरणं-निघणं हाच त्यांचा ट्रेक असतो.

रेंज नसते. मदत कशी मिळणार?

रेंज कुठे मिळते हे पोचल्या पोचल्या शोधून ठेवा. रुग्णवाहिकेला १०८, इतर संकटाला ११२, वणवा किंवा वन्यप्राण्यांबाबत वनखात्याला १९२६. कुठे आहोत, कधी परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं हे घाट चढण्याआधीच विचारा.

स्पीकर?

नाही.

वाहनाशिवाय पोचता येतं?

आंबोलीला सहज. कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड, तिथून शहरातलं बसस्थानक, मग बेळगाव-कोल्हापूरकडे जाणारी एसटी आंबोलीवरून जाते. अंतर तीसेक किलोमीटर. दाजीपूर कणकवलीहून फोंडा घाटाच्या वाटेवर आहे. खेडच्या किल्ल्यांना शेवटच्या गावापर्यंत गाड्या कमी, संध्याकाळच्या फेरीवर विसंबू नका.

गावात पैसे किती द्यायचे? घासाघीस केली तर?

ठरलेले द्या, वर थोडे द्या. अंगण, पाणी, संडास, सकाळचा चहा आणि रात्रभर तुमच्याकडे असलेलं एक लक्ष, याची किंमत शहरातल्या लॉजशी तोलू नका. कचरा त्यांच्या दारात सोडून येऊ नका, गावात कचरागाडी येत नाही. आणि उरलेले तांदूळ-डाळ ‘ठेवा तुम्हाला’ म्हणून देण्याआधी विचारा, सगळ्यांनाच ते आवडत नाही.

परत आल्यावर तंबू कसा ठेवायचा?

किनाऱ्यावरच्या घरात हाच तर मोठा प्रश्न. वरून दमट आलेला तंबू तसाच गुंडाळून माळ्यावर टाकला तर मिरगापर्यंत त्यावर बुरशीचे काळे ठिपके, आणि आतलं वॉटरप्रूफ अस्तर चिकट होऊन सुटायला लागतं. ते पुन्हा बसवता येत नाही. आल्या दिवशी ओसरीवर सावलीत पसरून दोन दिवस सुकवा, कडक उन्हात नको. माती ओल्या फडक्याने पुसा, साबणाच्या पावडरीने धुऊ नका. चेन खाऱ्या हवेने गंजते, तिच्यावर मेणबत्ती घासा. घट्ट पिशवीत कोंबण्यापेक्षा सैल सुती पिशवीत, कपाटात वरच्या फळीवर ठेवा, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एकदा काढून वारा द्या. गोधड्यांना देतो तसाच.